गॅपचं वर्ष, अकराला उजाडणारी सकाळ आणि ‘सध्या काय करतेस?’

एका एकोणीस वर्षांच्या मुलीने विचारलेला हा प्रश्न आहे. थोडक्यात सांगायचा तर असा: बारावीनंतर ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत ७२० पैकी ३४० गुण आले. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची ठरली. क्लासची फी परवडत नव्हती म्हणून अभ्यास घरीच करायचा होता. पहिला दीड महिना बरा गेला, त्यानंतर पुस्तक उघडणं बंद झालं. मैत्रिणी कुणी फार्मसीला, कुणी बी.एस्सी.ला गेल्या. रात्री तीनपर्यंत मोबाइल, सकाळी अकराला जाग. आपल्याला डॉक्टर व्हायचंच होतं का, तेही आता कळत नाही. नातेवाईक विचारतात, ‘सध्या काय करतेस?’ आई काहीच विचारत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. शेवटी तिने लिहिलंय, “मला दिशाच राहिलेली नाही. यातून बाहेर पडायला किती दिवस लागतील?”

तुला ‘तू’च म्हणते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं तुझ्याच वयाची असतात. मी सतरा वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे, त्यातला बराच काळ बारावीच्या आगेमागे असलेल्या मुलांबरोबर गेला. तुझ्यासारखी मुलं दरवर्षी एका ठरावीक हंगामात येतात. गणपती उठले की. तोवर प्रवेशफेऱ्या, कागदपत्रं, याला कुठलं कॉलेज मिळालं, त्याला कुठलं, अशी गडबड असते. ती संपते, बरोबरीची मुलं बॅगा घेऊन निघून जातात आणि मागे राहिलेल्याला घर खायला उठतं. तुझा दीड महिना बरा गेला आणि मग सगळं थांबलं, यात मला नवल वाटलं नाही.

तू जे एका शब्दात ‘दिशा’ म्हणतेस, त्यात तीन गोष्टींचा गुंता झालाय असं मला दिसतं. एक तर तुझ्या दिवसाची घडी मोडलीय. दुसरं, नीटचा निर्णय अर्धवट लोंबकळतोय. तिसरी आहे लाज. या तिन्ही एकदम सोडवायला गेलीस तर हाती काही लागणार नाही. आधी दिवसाची घडी बसव, असं मी म्हणेन. का, ते पुढे सांगते.

पण त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. सलग दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास आहे का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीसुद्धा नकोशा झाल्यात का? भूक गेलीय किंवा उगाच खाणं वाढलंय का? आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं का? यातलं बरंचसं ‘हो’ असेल तर हा आळस नाही आणि नुसता गोंधळही नाही. ते नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार असतात आणि ते डॉक्टरांकडून करून घ्यायचे असतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर आज, हे वाचून झाल्याबरोबर, आईला सांग किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर. सरकारची ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री तीन वाजताही कुणीतरी फोन उचलतं आणि मराठीत बोलता येतं. नैराश्य वाटत नसेल तरीही घरच्या डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ एकदा तपासून घे. ‘मला काही करावंसंच वाटत नाही’ म्हणत आलेल्या मुलींपैकी काहींचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलेलं मी पाहिलंय. रक्तच कमी असेल तर वेळापत्रक करून काय होणार?

हे सगळं ठीक आहे असं धरून पुढे जाते.

पहिलीपासून बारावीपर्यंत तुझा दिवस तुला कधी आखावा लागला नाही. शाळेची घंटा होती, एसटीचा पास होता, प्रॅक्टिकलची जर्नल होती, उशीर झाला की बोलणारं कुणीतरी होतं. हे सगळं एका महिन्यात निघून गेलं आणि त्या जागी चोवीस मोकळे तास आले. मोठ्या माणसांनाही हे झेपत नाही. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने कुणाचे कसे जातात, ते घरात कुणी असेल तर विचारून बघ. घडी मोडलेल्या दिवसात माणूस बसला की त्याला वाटायला लागतं, आपल्या आयुष्यालाच आकार नाही. मला काय व्हायचंय, हा प्रश्न मग रोज दुपारी दोन वाजता, पंख्याखाली पडल्या पडल्या पडतो. त्या अवस्थेत त्याचं उत्तर मिळालेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

मी मुलांना मागच्या सात दिवसांचा तासातासाचा कागद भरायला देते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता (ओळख पटेल असे तपशील बदललेत). त्याच्या कागदावर दुपारी एक ते पाच या चौकटींत रोज एकच शब्द होता: ‘बसलो’. सातही दिवस. लिहिताना त्यालाच ते दिसलं आणि त्याने पेन खाली ठेवलं. मी त्याला अभ्यासाबद्दल काही विचारलं नाही. घराजवळ कुणाचं काय काम चालतं, एवढंच विचारलं. त्याच्या आजोबांची पिठाची गिरणी होती. सकाळी सातला शटर उघडायचं, नऊपर्यंत थांबायचं आणि घरी यायचं, एवढंच ठरलं. तिसऱ्या आठवड्यात तो मला डब्यांबद्दल सांगत होता. कुठल्या डब्यावर खडूने नाव लिहायचं, कुठल्यात चिठ्ठी टाकायची. गव्हामागून बाजरी दळली तर कुणी काही बोलत नाही, पण बाजरीमागून लगेच गहू दळला की बायका पीठ परत आणतात, म्हणून डबे आधी लावून घ्यावे लागतात. हे सांगताना तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता. महिन्यापूर्वी हाच मुलगा मान वर करत नव्हता. गिरणीने त्याला दिशा दिली असं मी म्हणणार नाही. गिरणीने त्याला सातला उठवलं, चार माणसांशी बोलायला लावलं आणि रोज नऊ वाजता ‘आज एक काम झालं’ असं म्हणायची सोय करून दिली. दहा वाजता पुस्तक उघडणं त्याला जमलं, कारण तोवर तो जागा झालेला होता.

यामागे माझा अनुभव आहेच, शास्त्रही आहे. मन उठेल तेव्हा करू, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उलट घडतं: आधी हात हलतो आणि मन त्याच्या मागून येतं. पीटर लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात नैराश्याकडे या अंगाने पाहायला सुरुवात केली. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. उदास माणसांना विचार बदलायला शिकवण्याचा पूर्ण उपचार एका गटाला दिला आणि दुसऱ्या गटाला फक्त दिवसातल्या कृती वाढवण्याचा भाग दिला. नुसत्या कृती वाढवलेला गटही तितकाच सुधारला. तुझ्या बाबतीत चक्र कसं फिरतं बघ. पुस्तक उघडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पुस्तक मिटून ठेवलं की दहा मिनिटं हायसं वाटतं. त्या दहा मिनिटांपायी उद्या तेच पुस्तक आणखी जड होतं. आठ आठवडे असे गेले की ते उचलतच नाही. तुझी जिद्द कमी पडली असं यात कुठेही नाही. सुटका करून घेण्याची सवय अशीच अंगवळणी पडते, कुणाच्याही.

आता उठण्याबद्दल. झोपायची वेळ ठरवू नकोस, उठायची ठरव. झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र हुकमाने जमतं. समज, साडेसात. आदल्या रात्री तीनला झोपलीस तरी साडेसात. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गच्चीवर, अंगणात, रस्त्यावर, कुठेही, पण उघड्यावर जायचं, कारण डोळ्यांवर पडणारा सकाळचा उजेड शरीरातलं घड्याळ लावतो. पहिले तीन-चार दिवस फार वाईट जातील. डोकं जड होईल, चिडचिड होईल. दुपारी आडवं व्हायचंच असेल तर वीस मिनिटांचा गजर लाव. आठवड्याभरात रात्री साडेअकराला डोळे मिटायला लागतात, असं मी बऱ्याच मुलांत पाहिलंय.

मोबाइलबद्दल घरचे जे बोलत असतील ते मी बोलणार नाही. रात्री एक ते तीन तू तो बघतेस, कारण तेवढीच वेळ अशी आहे की तुला कुणी काही विचारत नाही. त्या वेळी सगळे झोपलेले असतात, काही न करणारी तू एकटीच नसतेस. दिवसा लाज कमी झाली की रात्रीची ती गरजही कमी होते. तोवर चार्जर स्वयंपाकघरात लाव आणि गजराला साधं घड्याळ आण.

दिवसात आणखी एक गोष्ट हवी: घराबाहेरची, जिथे कुणीतरी तुझी वाट बघत असेल. अभ्यासिका चालेल, पण तिथे तू गेली नाहीस तर कुणाला कळत नाही, म्हणून ती माझी पहिली निवड नाही. शेजारच्या चौथीतल्या मुलाचं गणित घेणं, मेडिकलच्या दुकानात दोन तास बसणं, अंगणवाडीताईंना मदत करणं, गावातल्या वाचनालयात पुस्तकं देणं-घेणं, यातलं काहीही चालेल. पैसे मिळाले तर चांगलंच. न मिळाले तरी ‘आज का नाही आलीस?’ असं विचारणारा एक माणूस मिळतो. या काळात तो अभ्यासाच्या वेळापत्रकापेक्षा जास्त उपयोगाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे तीनेक आठवडे झालं की नीटकडे वळ. ‘मला डॉक्टर व्हायचंच होतं का?’ हा प्रश्न तू स्वतःला पहिल्यांदाच विचारते आहेस असं दिसतं, आणि मला त्यात वाईट काही वाटत नाही. एरिक एरिक्सन नावाचा मानसशास्त्रज्ञ होऊन गेला. तरुणपणी तो कॉलेजला न जाता चित्रं काढत युरोपभर भटकत होता. १९२७ मध्ये, पंचविशीत, एका मित्राच्या बोलावण्यावरून व्हिएन्नातल्या एका लहानशा शाळेत शिकवायला गेला आणि तिथून त्याचं पुढचं आयुष्य सुरू झालं. मोठं होताना मिळणाऱ्या या मधल्या थांब्याला त्याने नाव दिलं आणि तो थांबा गरजेचा असतो असं मांडलं. १९६६ मध्ये जेम्स मार्सियाने त्यात भर घातली. त्याच्या मांडणीतल्या दोन गोष्टी मी पालकांना नेहमी सांगते. काही मुलं शोध न घेताच ठरवून मोकळी होतात. आईवडील म्हणाले डॉक्टर, म्हणून डॉक्टर. ती बाहेरून अगदी स्थिर दिसतात. काही मुलांनी ठरवलेलं नसतं, पण ती शोधत असतात. ती बाहेरून भरकटलेली दिसतात, पण त्यांचं काम चालू असतं. ठरवलेलंही नाही आणि शोधही नाही, ही तिसरी अवस्था मात्र नुसती दिवस ढकलण्याची. तू आज तिथे आहेस. तिथून निघून शोधणाऱ्यांत जायचं, एवढंच या वर्षाचं काम आहे. याच वर्षात ठरलंच पाहिजे असं नाही.

शोधायचं कसं? आधी विषय आणि निकाल वेगळे कर. अकरावीच्या जीवशास्त्रातलं तुला आवडलेलं एखादं प्रकरण काढ आणि घड्याळ न लावता, गुण न मोजता वाच. असं आठवडाभर रोज दीड तास कर. त्यात मन रमलं तर तुला विषय नकोसा झालेला नाही, तुला त्या आकड्याची भीती बसलीय. मग चाचण्या हळूहळू वाढवत भीतीवर काम करता येतं. आठवड्यानंतरही प्रत्येक पान ओढावं लागत असेल, तर तीही माहितीच आहे आणि ती प्रामाणिकपणे लिहून ठेव.

त्याच्या जोडीला पाच माणसांना भेट. नर्स, लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट, औषध दुकानदार, पशुवैद्यक, तुझ्या तालुक्यात जे भेटतील ते. त्यांना ‘या क्षेत्रात स्कोप आहे का?’ असं विचारू नकोस. त्याचं उत्तर सगळे तेच देतात. विचार, “काल सकाळपासून तुम्ही काय काय केलंत?” आणि गप्प बसून ऐक. एका मुलीला मी असंच फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दोन दिवस बसायला पाठवलं होतं. परत येऊन म्हणाली, “ताई, तिथे दिवसभर लोकांचे गुडघे धरून बोलत राहावं लागतं!” तिचा चेहरा फुलला होता, कारण बोलणं तिला मनापासून आवडायचं. दुसरी एखादी हेच वाक्य कपाळाला आठ्या घालून म्हणाली असती. कुठलंही माहितीपत्रक तुला हे सांगू शकत नाही.

हे सगळं चालू असताना अर्ज मात्र भरत राहा. यावर मी मुलांना अक्षरशः हात जोडून सांगते. चुकीच्या निर्णयामुळे दुसरं वर्ष गेलेली मुलं मी थोडी पाहिलीत. विचार चालू असताना तारीख निघून गेली, अशी कितीतरी पाहिलीत. नीटचा अर्ज भर, एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गटाचाही भर, नर्सिंगची वेगळी सीईटी असते तीही बघ. या अर्जांची धामधूम साधारण नव्या वर्षाच्या सुरुवातीला असते. तारखा फक्त अधिकृत संकेतस्थळावर बघ. फॉरवर्ड होऊन आलेल्या मेसेजवर विसंबू नकोस. नीटच्या गुणांवर एमबीबीएसच होतं असं नाही, बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि आपल्या राज्यात फिजिओथेरपीचेही प्रवेश होतात. नीट किती वेळा द्यायची याला आज मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही २०२२ मध्ये काढली गेली. म्हणजे यंदा बाजूला ठेवलीस तरी ते दार तुझ्या पाठीमागे बंद होत नाही. आणि पुढच्या प्रवेशाच्या वेळी या वर्षाचं काय होतं? गॅपबद्दलचं एक प्रतिज्ञापत्र मागतात. ते दिलं की झालं.

घराबाहेर पडायची ताकद आली आणि घरच्यांचीही तयारी असेल तर आणखी एक वाट आहे. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत २००६ पासून ‘निर्माण’ नावाचा उपक्रम चालतो. आयुष्यात काय करावं, हाच प्रश्न घेऊन तरुण मुलं तिथल्या शिबिरांना जातात. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला मे महिन्यात श्रमसंस्कार शिबिर भरतं, त्याची परंपरा बाबा आमट्यांनी सुरू केली. दोन्हीकडून वेगळी होऊन आलेली मुलं मी पाहिलीत. पण रोज साडेसातला उठणं जमायच्या आत जाऊ नकोस. शिबिरातला उत्साह घरी आल्यावर चौथ्या दिवशी ओसरतो. खाली घडी बसलेली असेल तरच त्यातलं काही टिकतं.

आता ‘सध्या काय करतेस?’ तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होईल आणि हा प्रश्न प्रत्येक मांडवात येईल. तोंड लपवून घरी बसलीस तर तो आणखी मोठा होतो. त्याचं दोन वाक्यांचं खरं उत्तर आधीच तयार ठेव. “यंदा गॅप घेतलाय. सीईटीची तयारी करतेय आणि सकाळी चौथीच्या मुलांचं गणित घेते.” आरशासमोर मोठ्याने पाच वेळा म्हण. हे उत्तर खरं असायला हवं, म्हणून तर मी आधी गणित घ्यायला सांगितलं. विचारणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना तुझ्या करिअरशी काही देणंघेणं नसतं. बोलायला विषय हवा असतो, म्हणून ते विचारतात. दोन वाक्यं मिळाली की ते जेवणाकडे वळतात.

आईचं मात्र वेगळं आहे. तुझ्या प्रश्नातलं ते वाक्य वाचून मला एक मायलेकींची जोडी आठवली. लेक मला म्हणाली होती, “आई माझ्याशी बोलत नाही, ती मनातून चिडलीय.” आठवड्याने आई एकटी आली. म्हणाली, “मी तिला काही विचारत नाही. विचारलं की रडेल, अशी भीती वाटते.” रोज दुपारी ती लेकीचं ताट वाढून, झाकून ठेवायची आणि आवाज न करता बाहेर जायची. लेकीला त्या झाकलेल्या ताटात राग दिसत होता. तुझ्या आईच्या मनात काय आहे, ते मला इथून सांगता येणार नाही. तू मात्र विचारू शकतेस. शब्द सुचत नसतील तर हे घे: “आई, मी गोंधळलेय. मला रोज विचारू नकोस, पण रविवारी पंधरा मिनिटं माझ्याजवळ बस. आठवड्यात काय केलं ते मी तुला सांगेन.” रोजची चौकशी मुलांना नको असते आणि पूर्ण शांतता सोसवत नाही. आठवड्याची ठरलेली पंधरा मिनिटं बहुतेक घरांना पेलतात.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, किती दिवस लागतील. मी पाहिलेल्या मुलांवरून सांगते. झोप साधारण दहा-पंधरा दिवसांत जागेवर येते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी लक्षात येतं, की आज दुपारी दोनला तो प्रश्न पडलाच नाही. काय शिकायचं, हे उमगायला काही महिने लागतात. आणि दुसऱ्या आठवड्यात एकदा सगळं मोडेल. पुन्हा अकराला जाग येईल, गणिताच्या पोराकडे जाणं चुकेल आणि वाटेल, झालं, आपल्याच्याने होत नाही. त्या दिवशी ‘आता सोमवारपासून’ असं म्हणू नकोस. अकराला उठलीस तर अकराला गच्चीवर जा, त्या पोराच्या आईला फोन करून ‘उद्या येते’ म्हणून सांग, आणि गजर पुन्हा साडेसातचाच लाव.